न मुडपलेलं टोक

वर्तकनगर, ठाणे
८ डिसेंबर २०२४

प्रिय विठूमामा,

सा. न. कॅमेरा आणि रोलची पिशवी सुखरूप घरी आली. सोबत अर्धा किलो मटारही आला. तू फ्रीजरचा तो कप्पा तसाच्या तसा पिशवीत ओतलास वाटतं. आईने मटाराची उसळ केली आणि कुठून आला ते विचारलं नाही. म्हणजे मी ठाकुर्लीला तुझ्याकडे येते हे तिला कळलेलं आहे.

परवा तू पाटीवर लिहीत होतास आणि मी मधेच तुझी वाक्यं पुरी करत होते. तेव्हा तू लिहिलंस की, ऑपरेशनमध्ये आवाज गेला त्याचं एवढं वाटत नाही, पण लोक माझं वाक्य स्वतःच संपवतात त्याची चीड येते. म्हणून हे पत्र. इथे तुला अडवायला कुणी नाही.

मला या कॅमेऱ्याने कमी उजेडातले चेहरे काढायचेत. फ्लॅश नाही, ट्यूब नाही, दिवेलागणीला खिडकीतून येतो तेवढाच उजेड. ऑफिसातले म्हणतात, मोबाइलच्या नाइट मोडवर काढ, एकदम चकाचक येतं. मला चकाचक नकोय. संध्याकाळी आई दिवा न लावता खिडकीशी बसते ना, तेव्हा ती जशी दिसते तशीच हवीय. तिला विचारलं तर आधी म्हणाली, माझं काय काढायचंय, मी काय मॉडेल आहे? मग दोन दिवसांनी स्वतःच म्हणाली, कधी बसायचं ते सांग.

आता तू सांग, एवढ्या कमी उजेडात फिल्मवर चेहरा धरायचा कसा?

तुझी
कृतिका


ठाकुर्ली
१४ डिसेंबर २०२४

चि. कृतिका,

अनेक उत्तम आशीर्वाद. त्यातला एक तुझं अक्षर सुधारावं म्हणून.

दर्शी कॅमेऱ्यासमोर बसायला तयार झाली हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि चहा करून आलो. लहानपणी ती फोटो म्हटलं की माजघरात पळायची. तिला हसायला सांगू नकोस. तिचं हसू ती वापरायला काढत नाही, सणासुदीच्या भांड्यांसारखं वर ठेवते.

आता कामाचं. रोल चारशेचा आहे, पण कॅमेऱ्याला सांग की तो सोळाशेचा आहे. म्हणजे उजेड कमी असला तरी भागेल, आणि जी उणीव राहील ती धुताना जास्त वेळ ठेवून आपण भरून काढू. धुवायला मात्र माझ्याकडेच आण, लॅबला देऊ नकोस. श्वास सोडून झाल्यावर बटण दाब. उजेड चेहऱ्याच्या एका बाजूला पडू दे, दुसरी बाजू काळी गेली तर जाऊ दे. नवे लोक काळ्याला घाबरतात. फिल्मवर काळं म्हणजे वाया गेलेलं नव्हे. तिथे अजून उजेडाने काही लिहिलेलं नाही, एवढंच. आणि रोल भरताना टोक लाल खुणेपर्यंतच ओढायचं, मी शिकवलं तसं.

तुझा
विठूमामा

ता. क. घाईत पिशवी भरताना एखादा रोल चुकून तुझ्याकडे आला असेल. मटाराच्या मागे स्टीलच्या डबीत होता, पिशवीत ओतताना झाकण निघून बाहेर पडला असावा, डबी तेवढी इथे राहिली. काही विशेष नाही. दिसला तर बाजूला ठेव.


वर्तकनगर, ठाणे
२२ डिसेंबर २०२४

प्रिय विठूमामा,

तुझं पत्र यायच्या आधीच मी सगळे रोल वापरून टाकले होते. पण तू काळजी करू नकोस. प्रत्येकाचं टोक पाहूनच भरला. तू शिकवलेलं माझ्या लक्षात आहे, टोक मुडपलेलं असेल तर रोल वापरलेला, सरळ असेल तर कोरा. मुडपलेला एकही नव्हता. तो डबीतला रोल जुना झालाय म्हणून म्हणत असशील तर होऊ दे जुना, दाणेदार येईल, मला आवडतं. सगळे आता बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत.

आई तीन संध्याकाळी बसली. मी बहुतेक फोटो अगदी जवळून काढले, नुसता चेहरा. शेवटी एकदा लांब गेले तर डाव्या हाताला बाबांचा हार घातलेला फोटो यायला लागला. आई म्हणाली, तो नको. मी म्हटलं, अगं असू दे ना. तर उठली आणि काळी चादर आणून फोटोवर टाकली. तुला माहीतच आहे, सहा वर्षं झाली तरी तिला तो फोटो सोसत नाही. उत्तरामामीने तो तयार करताना बाबांच्या हनुवटीवरचा व्रण ब्रशने काढून टाकला होता ना, केसही काळे केले होते. मामीला वाटलं, शेवटचा फोटो छान दिसावा. आणि आई तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणाली, हा माझा नवरा नाही, तुम्ही माझ्या नवऱ्याला पुसलंत वहिनी. त्यानंतर मामी आमच्याकडे आली नाही आणि आई तुमच्याकडे आली नाही. मामी गेली तेव्हासुद्धा.

चादर टाकल्यावर आई परत येऊन फ्रेमच्या उजव्या कडेला बसली. डावीकडे सगळं काळं. तेव्हा घाबरले होते, तुझं पत्र वाचून भीती गेली.

तुझी
कृतिका


ठाकुर्ली
२९ डिसेंबर २०२४

चि. कृतिका,

टोकं पाहून रोल भरलेस, हे बरोबरच केलंस. चूक तुझी नाही. ती कुठे झाली ते सांगतो.

बाकीचे फोटोग्राफर रोल पूर्ण आत गुंडाळतात. मी कधी पूर्ण गुंडाळला नाही. धुवायचं काम माझंच, मग टोक बाहेर असलेलं सोयीचं. रोल संपला की टेबलावर ठेवायचो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचो. उत्तरा रिटचिंगचा ब्रश खाली ठेवून यायची आणि टोक मुडपून जायची. मी तिला कधी सांगितलं नाही, तिने मला कधी विचारलं नाही. स्टुडिओ बंद होईपर्यंत हे असंच चाललं. मी आयुष्यात एकही टोक मुडपलेलं नाही, तुला शिकवलं ते तिचं काम शिकवलं.

मागच्या फाल्गुनात ती खिडकीजवळच्या कॉटवर पडून होती. रोज संध्याकाळी थोडा उजेड तिच्यावर यायचा. एक दिवस म्हणाली, "अहो, जगाचे फोटो काढलेत, आता माझे काढा." काढले. रोल संपला, गुंडाळला, टेबलावर ठेवला. ती उठून येणार नव्हती हे मला ठाऊक होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. टोक तसंच राहिलं.

तो रोल मी धुतला नाही. धुतला की संपला. तोवर तिचं काहीतरी बघायचं माझ्याकडे शिल्लक होतं. फ्रीजर उघडला की डबी दिसायची, तेवढं पुरायचं.

आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. हार घालायला फोटो हवा, आणि माझ्याकडे तिचा फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लोकांच्या लग्नात ती माझ्यामागे फ्लॅशची छत्री धरून उभी, फोटोत कशी येणार? मोबाइल समोर धरला की हात आडवा करायची. आधार कार्डावरचा आहे, पण तिचंच म्हणणं, तो दाखवून मला कुणी रेशनसुद्धा देणार नाही. म्हणून मनाची तयारी करून डबी काढायला गेलो, तर डबी होती आणि आत काही नव्हतं.

तुझ्यावर रागावलेलो नाही. पण कृतिका, त्या रोलवर ती आहे. दुसरीकडे कुठेच नाही.

विठूमामा


वर्तकनगर, ठाणे
३ जानेवारी २०२५

मामा,

पत्र जिन्यातच वाचलं. वर यायला बराच वेळ लागला. आई म्हणाली, चेहरा का असा झालाय, मी म्हटलं, ऑफिसचं आहे.

कुठल्या रोलवर काय काढलं ते मी लिहून ठेवलेलं नाही. सगळे सारखेच दिसतात. रविवारी सगळे घेऊन येते. तू धू. मला हात लावायची भीती वाटतेय.

मी त्याच फिल्मवर मामीच्यावरून आई काढलीय, मामा. आईच काढलीय, दुसरं कुणी नाही. हे मी अजून आईला सांगितलेलं नाही.

कृतिका


वर्तकनगर, ठाणे
२० जानेवारी २०२५

प्रिय मामा,

त्या रविवारी तू न्हाणीघरातल्या दोरीवरचे रोल भिंगाने एकेक करून बघत होतास. तिसऱ्यावर तुझा हात थांबला. तू पाटीवर फक्त "जा" लिहिलंस. मी गेले. राग आला नाही, पण वाटेत डोळ्यांना धार लागली. मग तू तो रोल तुझ्या शेजारच्या तानाजीच्या हाती पाठवलास, चिठ्ठीशिवाय. तानाजी म्हणाला, "काका काही बोलले नाहीत." म्हटलं, अरे, ते कसे बोलतील? तर म्हणतो, "तसं नाही ताई, पाटीवरपण काही बोलले नाहीत."

डोंबिवलीच्या लॅबमध्ये स्कॅन करून घेतलं. तू नेगेटिव्हवर वाचलं असशीलच, तरी लिहिते. बहुतेक फ्रेम गेल्या. आईच्या कानावर मामीचा गाल आलाय, मामीच्या कपाळात आईच्या साडीचा काठ. मी इतक्या जवळून काढायला नको होतं. मामी शोधायला गेलं की आई आड येते आणि दोघींपैकी कुणीच नीट दिसत नाही.

एक फ्रेम आहे. शेवटची, काळ्या चादरीची, लांबून काढलेली. कॅमेरा तोच आणि टोक लाल खुणेपर्यंत ओढलेलं, त्यामुळे दोन्ही फोटो जवळजवळ एकमेकांवर बसलेत, फक्त कडेला एक काळपट पट्टी आलीय. डावीकडे, जिथे माझ्या फोटोत नुसती चादर होती, तिथे मामी आहे. उशीला टेकलीय, केस सुटलेत, मनगटात बांगड्या सैल झाल्यात. मला ती इतकी बारीक झालेली माहीत नव्हती. आणि उजवीकडे, मामीच्या शेजारच्या काळोखात, आई बसलीय. एका खोलीत, एका संध्याकाळी बसल्यासारख्या.

मामी आईकडे बघतेय. आई तिच्याकडे बघत नाहीये, ती खिडकीबाहेर बघतेय.

मामा, एक कळत नाही. तू सगळ्या फ्रेममध्ये मामीला इतकं एका कडेला का बसवलंस? शेजारची एवढी जागा रिकामी का सोडलीस? तुझी फ्रेम अशी कधी नसते.

प्रिंट सोबत पाठवतेय.

तुझी
कृतिका


ठाकुर्ली
२ फेब्रुवारी २०२५

चि. कृतिका,

प्रिंट मिळाली. उत्तर लिहायला उशीर झाला, कारण लिहायला बसलो की आधी फोटो बघायचो.

ती जागा मी सोडलेली नाही. पहिल्या दिवशी मी तिला मधे घेत होतो, तर म्हणाली, "मला एका बाजूला घ्या. इकडे जागा सोडा. वन्सं येतील, मग आमचा दोघींचा एक काढा." मी पाटीवर लिहिलं, दर्शीला निरोप देऊ का? तर पाटी माझ्या हातातून घेतली आणि पदराने पुसली. म्हणाली, "बोलावून आल्या तर समाचाराला आल्यासारखं होईल. माझ्यावर रागावल्यात, राग गेला की आपणहून येतील. त्यांच्या माणसाचा व्रण मी काढायला नको होता. मला वाटलं, त्यांना रोज त्याच्याकडे बघायचंय, तर बघताना दुखू नये." दार कॉटच्या उजव्या हाताला आहे. ती फोटोत तिकडे बघतेय ते त्यामुळे. रोज संध्याकाळी मी थोडेसेच फोटो काढायचो, दोघींसाठी फ्रेम शिल्लक राहावी म्हणून. मग तीही एक दिवस काढून टाकली.

तू म्हणतेस, तू तिच्यावरून दर्शी काढलीस. मी बराच वेळ बघत बसलो आणि मला तसं वाटेना. जिथे बसायला सांगितलं होतं तिथेच दर्शी बसलीय. फक्त उशिरा आली.

आता अडचण अशी की तिचा हा एकच फोटो, आणि त्याला हार घालता येत नाही. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. घातला तर तुझी आजी वरून येऊन माझ्या पाठीत धपाटा घालेल. भटजींना सांगायला हवं. बघू.

दर्शीला हे दाखवायचं की नाही ते तू ठरव. ती तुझी आई आहे.

विठूमामा


वर्तकनगर, ठाणे
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

दाखवलं. तुझं पत्रही वाचायला दिलं.

तिने आधी फोटो बघितला. मग चष्मा पुसून परत बघितला. मग स्वयंपाकघरात गेली आणि गॅसवर काही नसताना ओटा पुसत राहिली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "ती माझी वाट बघत होती?" मग परत म्हणाली, "आणि मी इथे दादाच्या निरोपाची वाट बघत होते गं. दुखणं कळल्यापासून रोज. नेसायची साडीपण काढून ठेवलेली. वाटायचं, त्यांना मी नकोय म्हणून बोलावत नाहीत." मामा, मी आईला बाबांच्या वेळी पण असं रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा घरात माणसं होती, आता मी एकटीच होते.

संध्याकाळी शांत झाल्यावर म्हणाली, "मला काप. फोटो वहिनीचा होऊ दे. वर्षश्राद्धाला हार नको का तिला?"

कॉम्प्युटरवर एका मिनिटाचं काम आहे. करून पाहिलं. आई काढली की मामी नुसती भिंतीकडे बघत बसल्यासारखी दिसते. इतकं भकास दिसतं की मी ते पुसून टाकलं. पण आई रोज विचारते, कापलंस का? तिला वाटतं, एवढं तरी तिच्याकडून मामीसाठी व्हावं. मी काय करू ते तू सांग.

तुझी
कृतिका


ठाकुर्ली
२३ फेब्रुवारी २०२५

चि. कृतिका,

कापायचं नाही. उत्तराने जन्मभर दुसऱ्यांच्या फोटोतलं नको ते काढलं, आणि एकदाच हवं होतं ते काढलं, ते तिला महागात पडलं. तिच्या स्वतःच्या फोटोत आता कुणी काही काढणार नाही. ती कडेची पट्टीसुद्धा राहू दे.

पुढचं आईला वाचून दाखव.

दर्शी, उत्तराने तुला बोलावलं नाही आणि तिच्या शब्दाखातर मीही बोलावलं नाही. माझा आवाज गेला होता, हात शाबूत होता. आता बोलावतो. वर्षश्राद्धाला ये. काढून ठेवलेली साडी अजून असेल तर तीच नेस.

विठ्ठल


वर्तकनगर, ठाणे
१९ मार्च २०२५

ती. दादास,

शि. सा. न. पत्र लिहायची सवय मोडली आहे, चुकलं तर समजून घे.

परवा तुझ्याकडे आले तेव्हा बोलायचं खूप होतं, पण तू पाटी घेऊन बसलास आणि मला वाटलं, मी बोलत सुटले तर तुला लिहायला उसंत मिळणार नाही. म्हणून दोघंही गप्प बसलो. तुझ्याकडचा वरणभात जेवले, सहा वर्षांनी. फोडणीत तुझा हात अजून जड आहे.

कॉटच्या उजवीकडे बसले होते ते तू पाहिलंस. मुद्दाम बसले. तिथून दार जवळ आहे. वहिनी पडल्या पडल्या किती वेळ तिकडे बघत असेल याचा अंदाज आला. मी ठाण्याहून निघाले असते तर तासाभरात त्या दारात असते, दादा. हे आता मला रोज आठवणार आणि त्याला इलाज नाही.

पंगतीत तुझ्या शेजारच्या रखमाबाई मोठ्याने विचारत होत्या, श्राद्धाला बाईच्या फोटोला हार कसा नाही? तू पाटी वर केलीस, "त्यातली एक अजून जेवतेय." पानावरची माणसं हसली. मीही हसले, मग पदर तोंडाला लावला तो जेवण होईपर्यंत.

घरी आल्यावर यांच्या फोटोवरची काळी चादर काढली. कृतिकाने फोटो काढले तेव्हापासून ती तशीच होती. हनुवटी गुळगुळीतच आहे. पण आता बघताना वाटतं, वहिनी एवढ्याशा ब्रशने तिथे किती जपून काम करत असेल, यांना लागू नये म्हणून. मी त्या दिवशी असं बोलायला नको होतं.

आता मुख्य. तुझ्या भिंतीवरचा फोटो आहे तसाच राहू दे, हाराशिवाय. कुणी विचारलं तर विचारू दे. मी कृतिकाला सांगून ठेवलंय, माझी वेळ येईल तेव्हा माझा वेगळा फोटो शोधत बसू नको. मामाकडचा तोच घे आणि दोघींना मिळून एक हार घाल. ती माझ्यावर ओरडली, पण ऐकेल.

तोवर वहिनीला थांबावं लागेल. संध्याकाळी त्या खोलीत दिवा लावशील तेव्हा तिला एवढं सांग, या वेळी मी न बोलावता येईन.

तुझी
दर्शी